चमकोवाले काका

दहिसर पूर्वेला, आनंद नगरातल्या आमच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर दीप्ती नवलचे वकील राहतात. बँकेतून निवृत्त झालेत. खटला कुणी दाखल केलेला नसतो, तरी ते बाजू मांडतात.

"रेखा, हेमामालिनी ठीक आहेत हो," ही सुरुवात. यातलं 'ठीक' म्हणजे मुलीकडच्यांनी वाढलेल्या श्रीखंडाला वरमाय म्हणते ते. "पण दीप्ती कशी, शेजारच्या बिऱ्हाडातून विरजण मागायला आल्यासारखी!"

१९८१चा 'चश्मे बद्दूर' त्यांच्याकडे बघणं ही शिक्षा आहे. काका पडद्याकडे बघतच नाहीत, आपल्या तोंडाकडे बघतात. चमको पावडर विकणारी मिस चमको, म्हणजे दीप्ती, दारात आली की "आता बघा हं!" आपण मोबाइलमध्ये डोकावलो तर सीन पुन्हा पहिल्यापासून. २०१३मध्ये डेव्हिड धवननं हा सिनेमा नव्यानं काढला, त्याला ते फक्त 'ते दुसरं' म्हणतात. तो लागला त्याच दिवशी मूळ सिनेमाही थिएटरात पुन्हा लागला, तेव्हा काकूंना इस्त्रीची साडी नेसायला लावून घेऊन गेले होते.

सई परांजप्यांच्या 'कथा'वर तर बोलायलाच नको. शं. गो. साठ्यांच्या 'ससा आणि कासव'वरून घेतलेला, चाळीतला, आणि त्यात ती संध्या सबनीस. दीप्तीचा जन्म अमृतसरचा, असं मी एकदा सांगून पाहिलं. "जन्म कुठेही होतो," काका म्हणाले, "आडनाव सबनीस आहे ना?" सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी 'कथा'तल्या थापाड्या बाशूसारखं फार गोड बोलायला लागला की ते माझ्या कानाशी येऊन पुटपुटतात, "बाशू आहे, बाशू. मेन्टेनन्स थकलाय बघा त्याचा." बहुतेक वेळा थकलेला असतो!

मुलासाठी स्थळं बघतानाही हेच. एका मुलीला चष्मा आहे म्हणून काकू जरा घुटमळल्या, तर यांनी 'अंगूर'मधल्या चष्मेवाल्या तनूचा, म्हणजे दीप्तीचाच, दाखला दिला. मुलगी डॉक्टर निघाली तेव्हा तर 'किसी से ना कहना'ची सगळी गोष्ट तिच्या वडिलांना ऐकवली: सासऱ्याला, म्हणजे उत्पल दत्तला, इंग्रजी न शिकलेली सून हवी म्हणून डॉक्टर असलेली दीप्ती आपलं शिक्षण कशी लपवते ते. वडील घाबरले. सून आता बोरिवलीला दवाखाना चालवते आणि काकांना बीपीवरून इंग्रजीतच झापते.

तेंडुलकरांच्या नाटकावरच्या 'कमला'त दीप्ती बाजारात विकली गेलेली बाई आहे; तो मात्र त्यांनी अर्ध्यात बंद केला. ग्रेट काम आहे, तुम्ही जरूर बघा, असं सगळ्यांना सांगतात. "मला नाही बघवत तिला तसं." हे सांगताना त्यांचा वकिली आवाज कुठे जातो कोण जाणे.

गेटवर 'विक्रेत्यांना प्रवेश नाही' अशी पाटी आहे. पण साबण, पावडर, फिनेल घेऊन एखादी मुलगी उन्हात उभी दिसली की वॉचमन स्वतःच बोट दाखवतो, "पहिला मजला." काका तिला पंख्याखाली बसवतात, पाणी देतात, प्रात्यक्षिक पूर्ण बघतात आणि दोन पाकिटं घेतात. घरात मशीन आहे, त्याला लागतं लिक्विड. पावडरीनं माळा भरलाय.

"सिनेमात त्या फारुख शेखकडे पावडर आली ती दीप्तीला घेऊन," काकू परवा स्टुलावर चढून पाकिटं रचताना म्हणाल्या. "आमच्याकडे नुसतीच पावडर!"

"स्टूल धरू का?" काकांनी विचारलं.