चावीवाला मिळेल का?

आमच्या घरातलं लोखंडी कपाट आजवर तीनदा चावीवाचून अडलं. तिन्ही वेळा कोपऱ्यावर छत्रीखाली बसणाऱ्या चावीवाल्याने ते दहा मिनिटांत उघडून दिलं. आत हिचे दागिने होते. परवा फोन अडला. आत फक्त फोटो आहेत, 11 हजार. त्यातले निम्मे वीजबिलाचे, गॅसच्या पावतीचे आणि चुकून निघालेल्या माझ्या अंगठ्याचे. पण उघडत नाहीत म्हटल्यावर अंगठासुद्धा अनमोल झाला.

फोन मुलाने परदेशातून पाठवलेला, आयफोन. शेजारच्या पोरांना फोन उघडायचा आकडा कळला म्हणून मी एका रात्री तो गुपचूप बदलला. पुढे काही दिवस फोन माझा चेहरा बघून उघडत राहिला, त्यामुळे आकडा आठवायची वेळच आली नाही. परवा चार्जिंग संपून तो बंद पडला आणि चालू झाल्यावर चेहऱ्याला विचारेना. आधी आकडा सांगा, मग ओळख! चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं. ढिम्म.

लग्नाची तारीख घातली. चूक. "अहो, नक्की कुठली घातलीत?" हिने विचारलं. तिने सांगितलेली घातली. तीही चूक, पण त्या निमित्ताने मला खरी तारीख कळली. मग फोनने शिक्षा सुरू केली: आधी एक मिनिट थांबा, मग पाच, मग पंधरा, मग तासभर. सहा आकड्यांच्या जोड्या दहा लाख होतात. निवृत्त माणसाला दहा लाखांचं काही वाटत नाही, वेळच वेळ आहे. पण चुकायची मुभा दहाच वेळा.

बुधवार पेठेतल्या दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, लॉक काढून देतो, पण डेटा जाईल." म्हणजे कपाट उघडून देतो, फक्त आतले दागिने वितळवून! "अरे, मेमरी काढून दुसऱ्या फोनात घाल की." त्यावर त्याने कीव करत समजावलं, की फोटो कुलपामागे ठेवलेले नसतात, त्यांचाच भुगा करून ठेवलेला असतो. तो पुन्हा जुळवायचा तर तुमचा आकडा हवा आणि त्याच फोनच्या चिपमध्ये कोरलेला गुप्त आकडाही हवा. दुसरा कुणाला ठाऊक नाही, पहिला मला.

एकच समाधान, मी चांगल्या पंगतीत आहे. 2016 साली अमेरिकेची एफबीआय एका तपासात आयफोन 5सी घेऊन अशीच अडली होती. कोर्टाने सांगूनही ॲपलने नकार दिला. शेवटी बाहेरचा चावीवाला गाठला. त्याला दिलेले पैसे आपल्या उरलेल्या सात वर्षं चार महिन्यांच्या पगारापेक्षा जास्त आहेत, असं प्रमुखसाहेब स्वतः म्हणाले. आत फारसं काही सापडलं नाही, अशा बातम्या नंतर आल्या. बहुधा वीजबिलं.

"बाबा, बॅकअप?" मुलाचा पहिला प्रश्न. फुकटची पाच जीबी जागा केव्हाच भरली होती. महिन्याला 75 रुपये द्या, असं फोन तीन वर्षं विनवत होता आणि मी बाणेदारपणे 'नंतर' दाबत होतो.

मग आठवलं, महाबळेश्वरचे 214 फोटो मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले होते. मिनिटभरात सतरा जणांनी 'छान!!' म्हटलं होतं. हिच्या फोनवरून सगळ्यांना विनवलं, परत पाठवा. कुणी फोन बदललेला, कुणी ग्रुप साफ केलेला. हिने तर त्याच रात्री डिलीट केले होते. मेव्हण्याकडे एक निघाला. त्यात मेव्हणा पूर्ण आहे आणि माझा कान आहे.

आता एकच प्रयत्न शिल्लक आहे, तो मी घेणार नाही. वाचकांपैकी कुणाला आमचे फोटो आले असतील, तर कृपया परत पाठवावेत. 'छान' म्हणायची गरज नाही.