एकरकमी सुख

मराठी मध्यमवर्गीय माणूस कुठे हात सैल सोडेल आणि कुठे आखडेल, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. लग्नाच्या आहेराचं पाकीट भरताना तो मागेपुढे पाहत नाही. हॉटेलात बिल आलं की "मी देतो, मी देतो" म्हणून मित्राचा हात पिरगाळतो. पण फोनमधल्या दुकानात एखाद्या ॲपखाली 'नव्वद रुपये' असं दिसलं, की त्याच्यातला लेखापरीक्षक खडबडून जागा होतो. नव्वद? कशाचे? हातात तर काहीच येत नाही! पिशवी नाही, पावती नाही, वर चार पानं कोथिंबीरही नाही.

आमचे भाऊजी या पंथाचे पीठाधीश आहेत. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी एकच व्रत घेतलंय, ॲपसाठी दमडी मोजायची नाही. तुम्ही काहीही दाखवा, ते चष्मा कपाळावर चढवून म्हणणार, "अरे, हेच फुकटात मिळतं की." मग तसलंच काहीतरी शोधून काढतात. ते उघडलं की आधी रमीची जाहिरात, मग कर्जाची जाहिरात, मग रमीत हरलेल्यांना कर्ज देणाऱ्याची जाहिरात, आणि मधल्या फटीतून कधीतरी ॲप दिसतं. भाऊजी ते सगळं शांतपणे सोसतात. नोकरीत काउंटरवर बसून त्यांची सहनशक्ती तयार झालेली आहे.

त्यांच्या फोनमध्ये टॉर्चचं एक फुकट ॲप होतं. फोनला स्वतःचा टॉर्च असताना हे कशाला, तर यात उजेडाचे रंग बदलायचे. त्या टॉर्चने चालू होण्याआधी त्यांचे संपर्क, त्यांचा ठावठिकाणा आणि मायक्रोफोन एवढ्या तिन्हींची परवानगी मागितली होती आणि भाऊजींनी ती उदार मनाने दिली होती. मी त्यांना सांगितलं, अमेरिकेत 'ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट' नावाचं असंच फुकट टॉर्चचं ॲप कोट्यवधी फोनांवर गेलं होतं. वापरणारा कुठे आहे ही माहिती ते परस्पर जाहिरातवाल्यांना देत होतं आणि २०१३ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने त्याला धरलं.

भाऊजींनी क्षणभर विचार केला. "मी कुठे असतो? घरी, नाहीतर मंडईत. कळू दे की त्यांना."

यावर काय बोलणार?

पैसे पडण्याची ही धास्ती जुनी आहे. व्हॉट्सॲप एके काळी पहिलं वर्ष फुकट आणि पुढे वर्षाला साधारण एक डॉलर, अशा बोलीवर चालायचं. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने ती फी काढूनच टाकली. पण 'हा मेसेज दहा जणांना पाठवा, नाहीतर उद्यापासून व्हॉट्सॲपला पैसे पडतील' हा निरोप आमच्या मावशीकडून अजून येतो. एक डॉलर वाचवायला या बाईने जेवढे अंगठे झिजवले, तेवढ्यात तिचा एक स्वेटर विणून झाला असता.

उलट टोकाची माणसंही जगात असतात. ॲपलचं ॲप स्टोअर जुलै २००८ मध्ये उघडलं आणि महिनाभरातच आर्मिन हाइनरिश नावाच्या जर्मन गृहस्थांनी तिथे 'आय ॲम रिच' हे ॲप मांडलं. किंमत ९९९ डॉलर ९९ सेंट. काम काय, तर पडद्यावर एक लाल रत्न चमकतं. बस्स. ते काढून टाकलं जाईपर्यंत आठ जणांनी विकत घेतलंसुद्धा. ही गोष्ट ऐकल्यावर भाऊजींची छाती अभिमानाने फुगली. "त्या आठांत आपला एकही नसणार," ते म्हणाले. माझीही तशी खात्री आहे.

मी या दोन टोकांच्या मधला; मोजक्या ॲप्ससाठी पैसे मोजणारा. तर, माझ्या मते पैसे वसूल झालेलं पहिलं ॲप म्हणजे 'आयतबला प्रो'. हे मुलीच्या जुन्या आयपॅडवर आहे आणि आमच्या घरातलं सगळ्यांत महागडं ॲप तेच. त्याची किंमत ऐकून भाऊजींना पाणी द्यावं लागलं होतं. ते आहे बायकोच्या रियाजासाठी. तंबोरा आणि तबला, दोन्ही एकात.

माझ्या सासऱ्यांनी दिलेला मिरजेचा तंबोरा घरात आहे, नाही असं नाही. पण तो जुळवायचा म्हणजे सकाळ गेली. पावसाळ्यात तर तो अशा काही सुरात असतो की त्याला स्वतःलाच लाज वाटावी. खुंट्या पिळा, मणी सरकवा, जवारीचा दोरा पुढेमागे करा. एवढं होईतो दूधवाला, कामवाल्या बाई आणि कुरिअर असे तिन्ही अंक होऊन जातात आणि रियाजाचा मुहूर्त टळतो. मध्यंतरी इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी होती. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तसली पेटी बनवली आणि निम्म्या देशाच्या गवयांची सोय केली. ॲप ही त्याच घराण्यातली पुढची पिढी. काळी चार म्हटलं की काळी चार. आज मालकंस गायचाय, त्याला पंचम चालत नाही, मग बोटाने पंचमाचा मध्यम करायचा. झालं.

पण माझं प्रेम आहे ते त्यातल्या तबल्यावर. पडद्यावर मात्रांचे आकडे पुढे पुढे सरकत असतात. मला गाण्यातलं काही कळत नाही. सम आणि विषम यांतला फरक मी शाळेतल्या गणितापुरताच जाणतो. पण आयपॅड मला दिसेल असा ठेवलेला असला की एक हा आकडा येताच मी डोळे मिटून मान हलवतो. बरोबर समेवर! अतिविलंबित एकताल लावला, तर बारा मात्रांचं एक आवर्तन संपायला मिनिटभरसुद्धा लागतं. तेवढ्यात मी अग्रलेखाचा एक परिच्छेद वाचून वेळेवर समेला हजर होतो. मध्यंतरी बायकोच्या गुरुभगिनी घरी आल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "यांचा कान फार तयार आहे हो." बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की त्या नजरेतच माझी भैरवी झाली.

"एवढ्या पैशात खरा तबला आला असता," असं भाऊजींचं मत.

"तबला आला असता," बायको म्हणाली, "पहाटे साडेपाचला तो वाजवायला तुम्ही येणार होतात का?"

दुसरं ॲप गजराचं. हे मुलीने घेतलं, तिच्याच पैशांनी, कारण फोनचा नेहमीचा गजर ती झोपेतच बंद करते आणि उठल्यावर "वाजलाच नाही" असं शपथेवर सांगते. या ॲपला लाच चालत नाही. गणित सोडवा, फोन गदागदा हलवा, नाहीतर आधी ठरवून ठेवलेला बारकोड स्कॅन करा, तेव्हाच ते गप्प बसतं. पहिले काही दिवस तिने गणितं निवडली. पण ही मुलगी झोपेत दोन आकडी गुणाकार करायला शिकली. डोळे बंद, उत्तर बरोबर, पुन्हा घोरणं सुरू. कॉलेजने तिच्यातली ही प्रतिभा कधी ओळखली नाही. मग तिने बारकोड निवडला, तोही स्वयंपाकघरातल्या चहाच्या पाकिटाचा. म्हणजे उठून तिथवर चालत जाणं आलं, आणि गेलीच आहे तर आधण ठेव, असा आईचा फायदाही झाला.

एका रविवारी भाऊजी मुक्कामाला होते. आदल्या रात्री माझ्या आईने चहा डब्यात ओतला, रिकामं पाकीट घडी घालून सुक्या कचऱ्यात टाकलं आणि बादली दाराबाहेर ठेवली. सकाळी गजर सुरू झाला. मुलगी ओट्यापाशी उभी राहून हातात स्टीलचा डबा घेऊन त्याला चारही बाजूंनी फोन दाखवत होती. डब्यावर आईच्या माहेरचं नाव कोरलेलं होतं; फोनला ते पटेना. आवाज मिनिटागणिक वाढत होता. खालच्या मजल्यावरून काठीचे ठोके आले. तेवढ्यात बाहेर घंटागाडीचं गाणं लागलं आणि बादली रिकामी झालेली दिसली.

भाऊजी उठले ते बंडी-लेंग्यावर फोन हिसकावून थेट रस्त्यावर. पुढे घंटागाडी, मागे भाऊजी. गाडीचं गाणं आणि फोनचा गजर यांची अशी जुगलबंदी आमच्या गल्लीने सवाई गंधर्वलाही ऐकली नसेल. गाडीवरच्या मावशी भल्या. त्यांनी गाडी थांबवून विचारलं, "काय पडलं दादा? सोनं?"

"चहाचं पाकीट!"

"भरलेलं?"

"रिकामं!"

मावशींनी एकदा भाऊजींकडे पाहिलं, एकदा कोकलणाऱ्या फोनकडे पाहिलं आणि काही न बोलता पोतं उपडं केलं. पाकीट सापडलं. तोच छाप, तोच रंग. भाऊजींनी स्कॅन केलं. गजर चालूच. पुन्हा केलं, तरी चालूच. ते निघालं कुणाचं तरी पाव किलोचं, आमचं होतं अर्धा किलोचं, आणि कंपनी तीच असली तरी वजनागणिक बारकोड वेगळा असतो. हे ज्ञान भाऊजींना भर रस्त्यात, पंधरा-वीस प्रेक्षकांसमोर झालं. एवढ्यात मुलगी शेजारच्या काकूंकडून त्यांचं अर्धा किलोचं पाकीट घेऊन आली, कोड दाखवला, फोन गप्प झाला. "तेवढ्याच वजनाच्या सगळ्या पाकिटांना एकच कोड असतो, काका," ती म्हणाली. आणि वर जाऊन झोपली.

तरीही हे ॲप पैसे वसूल या सदरात घालतो. गजराचं काम माणसाला उठवणं. याने त्या दिवशी तीन इमारती उठवल्या.

खेळांच्या बाबतीत मी एकाच खेळासाठी पैसे मोजलेत आणि तो 'थ्रीज' आहे. एक आणि दोन जोडून तीन, तीन-तीन जोडून सहा, सहा-सहा जोडून बारा. दिसायला बालवाडी, खेळायला बसलात तर स्टेशन निघून जातं. ॲशर व्होल्मर आणि ग्रेग वोलवेंड यांनी वर्षभराहून अधिक काळ त्यावर घासून काम केलं आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये तो बाजारात आणला. महिन्याभरात त्याच धर्तीचा '२०४८' हा खेळ आला; इटलीतल्या एकोणीस वर्षांच्या मुलाने तो शनिवार-रविवारच्या सुट्टीत बनवला होता आणि फुकट सोडला होता. जग तिकडे धावलं. भाऊजी तर अजून त्यातच आहेत. मी थ्रीजवर राहिलो, थोडा हट्टाने, थोडा माज म्हणून. नव्वदातले पंधरा ते तीस टक्के दुकानाचा मालक कापून घेतो. उरलेल्यात त्या पोरांना एक मिसळही धड येत नाही. ती तरी त्यांना मिळावी.

आता दरमहा पैसे मागणाऱ्या ॲप्सविषयी. हे प्रकरण मला मुळातच मान्य नाही. गणपतीची वर्गणी मागायला मंडळाची पोरं वर्षातून एकदा येतात, पावती फाडतात, पुढे दहा दिवस झोप उडवतात हे खरं, पण प्रसाद तरी देतात. ही ॲप्स महिन्याच्या महिन्याला येतात, दार वाजवत नाहीत आणि थेट खिशात हात घालतात. मजकुराचं पीडीएफ करून देणाऱ्या ॲपला दरमहा? कॅलक्युलेटरला दरमहा? दोन अधिक दोन गेल्या महिन्यात चार होते, ते या महिन्यात नूतनीकरण केलं नाही तर साडेतीन होणार का? नशीब, रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे १ ऑक्टोबर २०२१ पासून असे आपोआप कापले जाणारे पैसे घेण्याआधी निदान २४ तास ग्राहकाला कळवावं लागतं. तो निरोप आला की मी सगळी कामं सोडून ते रद्द कसं करायचं हे शोधायला बसतो. सुरू करायचं बटण हिरवंगार आणि तळहाताएवढं असतं; बंद करायचं बटण दाखवा आणि बक्षीस मिळवा.

अपवाद एकच, तोही आईमुळे. मोतीबिंदू झाल्यापासून तिचं वाचन सुटलं होतं. 'स्टोरीटेल' ही स्वीडनची कंपनी २०१७ च्या अखेरीस भारतात आली ती इंग्रजी-हिंदीबरोबर मराठी पुस्तकं घेऊनच. आई आता मेथी निवडताना कादंबरी ऐकते. खुनाचा उलगडा जवळ आला की मेथीच्या काड्याही भाजीत जातात; आम्ही त्या चावून खातो आणि कथानक कुठवर आलंय ते ओळखतो. ही वर्गणी मी तक्रार न करता भरतो.

भाऊजींचं व्रत अजून मोडलेलं नाही, पण त्यांनी त्यातून वाट काढली आहे. प्ले स्टोअरवर घेतलेल्या ॲपचे पैसे ४८ तासांच्या आत परत मागता येतात, हे त्यांना कळलं. त्यांनी एक स्कॅनरचं ॲप घेतलं, पंचवीस वर्षांच्या पासबुकांच्या प्रती काढल्या आणि पैसे परत मागितले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच करायला गेले, तर गुगल म्हणालं, एका ॲपचे पैसे एकदाच परत. त्यावर त्यांनी मला फोन केला. गुगलच्या कुटुंब-गटात सहा जण घेता येतात आणि एकाने घेतलेली बरीचशी ॲप्स बाकीच्यांना वापरता येतात, असं त्यांच्या वाचनात आलं होतं. "आपलं एकत्र कुटुंब पुन्हा सुरू करू या," ते गहिवरून म्हणाले. वाटण्यांच्या वेळी हेच सगळ्यांत आधी उठले होते. मी घेतलं त्यांना. नाही कसं म्हणणार?

सध्या मी एका ॲपच्या शोधात आहे. कुकरच्या शिट्ट्या मोजणारं. बायको रियाजाला बसलेली, आई कादंबरीत, मुलगी झोपेत, आणि तीन झाल्या की चार यावर रोज वाद होतो. मिक्सर, शेजारचा कुकर आणि खालचा रिक्षावाला यांतून नेमकी आमचीच शिट्टी ओळखणारं काही तुमच्या पाहण्यात असेल, तर जरूर कळवा. किंमत काहीही असो, घेऊन टाकीन. फक्त दरमहा नको.