फ्लेमिंगो कुठंयत?

नांदूरमध्यमेश्वरला पक्षी येतात ते पार मध्य आशियातून, रातोरात उडत. माणसं येतात नाशिकहून, गाडीनं, नाश्ता उरकून अकराला. तोवर पक्ष्यांची सकाळची धावपळ आटोपलेली असते. पण दोष त्यांचाच, थांबायला काय झालं होतं?

गोदावरी-कादवाच्या संगमाजवळ बंधारा झाला, वर्षानुवर्षं गाळ साचला, त्यातून पाणथळ उभी राहिली आणि २०२० साली ती राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झाली. एवढी पुण्याई पाठीशी असून पाहुण्यांचा पहिला प्रश्न एकच: "फ्लेमिंगो कुठंयत?" नाहीत म्हटलं की तिकिटाचे पैसे बुडाल्यासारखा चेहरा.

समोर पाण्यात शेकडो वारकरी तरंगत असतात. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा, नाव अगदी शोभेसं. "ही बदकं होय?" म्हणून काकू पुढे सरकतात. (ती बदकं नव्हेत, पण सांगणार कोण, काकूंच्या हातात थालीपिठांचा डबा आहे.) पायवाटेवर एक तरुण भडक केशरी जाकीट घालून, खिशातल्या मोबाइलवर गाणी लावून, 'निसर्गात हरवायला' निघालाय. निरीक्षण मनोऱ्यावर दुर्बिणीसाठी रांग. काका दुर्बीण उलटी धरतात नि म्हणतात, "फार लांब आहेत हो!"

तेवढ्यात वरून भोवत्या हा शिकारी पक्षी घिरटी घालतो. सगळे वारकरी क्षणात एकमेकांना चिकटून गोळा होतात. मनोऱ्यावरचे सगळेही गोळा झालेले असतात, सेल्फीसाठी, पाण्याकडे पाठ करून.