चापाआधी डोळा

बारा पूर्णांक सात मिलिमीटर. अमेरिकेच्या ब्राउनिंग एम-2 ची नळी एवढ्याच व्यासाची, रशियाच्या एनएसव्हीची एवढ्याच व्यासाची आणि आपल्या नौदलाच्या जड मशीनगनचीही तेवढीच. ब्राउनिंग 1933 सालची, आणि तिची मूळ रचना आजही फारशी बदललेली नाही. मग ‘आधुनिकीकरण’ म्हणून कोट्यवधी रुपये खर्च होतात ते कशावर? हा प्रश्न दिल्लीच्या आधी उत्तन, पाली आणि चौकच्या कोळीवाड्यांनी विचारायला हवा. ही बंदूक त्यांच्याच समुद्रावर फिरते.

फेब्रुवारी 2024 मध्ये संरक्षण मंत्रालयाने कानपूरच्या ॲडव्हान्स्ड वेपन अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीशी करार केला. नौदल आणि तटरक्षक दलासाठी 463 बंदुका, किंमत 1,752 कोटी 13 लाख रुपये, 85 टक्क्यांहून अधिक भाग देशी. तंत्रज्ञान मूळ इस्रायलच्या एल्बिट कंपनीचे, आता तिरुचिरापल्लीच्या कारखान्यात रुजलेले. सरासरी काढली तर एका बंदुकीला पावणेचार कोटींहून थोडे जास्त पडतात. ही रक्कम लोखंडाची नव्हे. जहाज लाटेवर डोलत असताना नेम स्थिर धरणारी यंत्रणा, दिवसाचा कॅमेरा, उष्णतेवरून माणूस ओळखणारा रात्रीचा कॅमेरा, अंतर मोजणारा लेझर, आणि आत सुरक्षित बसून पडद्यावर बघत बंदूक फिरवणारा जवान, यांची ती किंमत आहे. हा खर्च योग्य आहे, हे मी स्पष्टच सांगतो.

रणगाड्यावरही दिशा हीच आहे. टी-72 वरची जड मशीनगन चालवायला कमांडरला झाकण उघडून छातीपर्यंत बाहेर यावे लागते, टी-90 मध्ये तो आत बसूनच ती चालवतो. ब्राउनिंगची तर नळी बदलली की दर वेळी मागच्या फटीचे माप पुन्हा जुळवावे लागे. ते चुकले तर काडतूस चालवणाऱ्याच्या तोंडासमोर फुटायचे. ही कटकट अमेरिकी सैन्याने 2010 नंतर एम-2ए1 आणून संपवली. तोवर पाऊण शतक उलटून गेले होते.

हेलिकॉप्टरचे गणित वेगळे. खाली होडी, वर थरथरणारे यंत्र, आणि नेमात लक्ष्य राहते ते काही सेकंद. म्हणून हेलिकॉप्टरच्या दारातल्या बंदुकीचा वेग वाढवतात. एम-2 मिनिटाला साधारण 500 गोळ्या झाडते, तिच्याच घराण्यातली जीएयू-21 हजाराच्या आसपास. मार्च 2024 मध्ये कोचीत नौदलात दाखल झालेल्या एमएच-60आर हेलिकॉप्टरांसाठी अमेरिकेने 2019 मध्ये मंजूर केलेल्या यादीत हीच बंदूक होती. आपल्या ध्रुव मार्क-3 च्या दारातही जड मशीनगन बसते. पण 5 जानेवारी 2025 ला पोरबंदरला तटरक्षक दलाचे ध्रुव कोसळून तिघे गेले आणि देशभरातली ध्रुव जमिनीवर उभी राहिली. बंदूक कितीही नवी असो, तिला वर नेणारे यंत्र भरवशाचे नसेल तर किनाऱ्याला तिचा उपयोग शून्य.

वेग वाढवण्याची मला मात्र भीती वाटते. 16 जुलै 2012 ला दुबईजवळ अमेरिकी नौदलाच्या रॅपाहॅनॉक या जहाजाने जवळ आलेल्या मासेमारी बोटीवर गोळीबार केला. बंदूक याच व्यासाची. एक भारतीय मच्छीमार गेला, तिघे जखमी झाले. जहाज म्हणाले, आम्ही इशारे दिले होते. वाचलेले म्हणाले, आम्हाला इशारा मिळालाच नाही. ज्याच्या बोटावर चाप होता त्याला समोर हल्लेखोर दिसला. होडीत जाळी घेतलेली माणसे होती.

आता उलट बाजू. 26 नोव्हेंबर 2008 ला मुंबईत उतरलेले दहा जण आले ते ‘कुबेर’ या भारतीय मासेमारी बोटीवरून. दुरून पाहणाऱ्याला ती पोरबंदरची साधी बोटच वाटली असती. म्हणजे साध्या होडीला शत्रू समजले तर कोळी मरतो, आणि शत्रूला साधी होडी समजले तर शहर मरते. या दोन चुकांच्या मधली जागा मिनिटाला हजार गोळ्यांनी भरून निघत नाही. ती ओळखीनेच भरते.

आणि ओळखीचे यंत्र फार स्वस्त आहे. 30 ऑगस्ट 2024 ला आपल्या शेजारी पालघरमध्येच पंतप्रधानांनी होड्यांवर ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना सुरू केली: इस्रोचे तंत्र, एक लाख होड्या, सुमारे 360 कोटी रुपये. भागाकार करा. एका होडीला 36 हजार. एका बंदुकीच्या पैशात हजार होड्यांना ओळख मिळते. ज्या पालघरमध्ये ही योजना सुरू झाली, तिथल्याच वडराईचा खलाशी 6 नोव्हेंबर 2021 ला ओख्याजवळच्या समुद्रात ‘जलपरी’ या मासेमारी बोटीवर पाकिस्तानी गोळीने मारला गेला. ती गोळी परक्याची होती, पण कोळ्याचा जीव समुद्रात किती उघडा आहे हे वडराईला कुणी शिकवायची गरज उरलेली नाही. आपल्याच बंदुकीची भीती त्यात भर घालता कामा नये.

म्हणून मागण्या तीनच. होडीवरच्या ट्रान्सपाँडरची खूण बंदूक चालवणाऱ्या जवानाच्या त्याच पडद्यावर उमटली पाहिजे, कंट्रोल रूममधल्या वेगळ्या संगणकावर नव्हे. हेलिकॉप्टरच्या दारातल्या बंदुकीलाही रात्रीचा कॅमेरा आधी आणि वाढीव वेग नंतर. आणि या बंदुका हाताळणाऱ्या जवानांना प्रशिक्षणात एक रात्र उत्तनच्या एखाद्या तांडेलाबरोबर डोलीच्या जाळ्यावर पाठवा (हा खर्च तर डिझेलपुरताच आहे). अंधारात इंजिन बंद करून भरतीची वाट बघणारी होडी कशी दिसते, जाळे ओढताना माणसे का वाकतात, दिवा का मालवतात, हे कॅमेरा दाखवेल, पण समजावणार नाही.

मागणी करायची वेळ अजून गेलेली नाही. उत्तन, पाली, चौकच्या मच्छीमार सहकारी संस्थांनी या मागण्या ठराव करून लेखी द्याव्यात: एक प्रत उत्तन सागरी पोलीस ठाण्याला, एक तटरक्षक दलाला, एक खासदाराला. आणि ज्यांच्या होडीवर ट्रान्सपाँडर अजून बसलेला नाही, त्यांनी पुढच्या फेरीपूर्वी अर्ज भरावा.