केळ्याला टाके, आईबापांना स्टेटस

एप्रिल सरत आला की पुण्यात आंब्याच्या पेट्या आणि शिबिरांची पत्रकं एकदमच दारात येतात. पूर्वी पोरांना सुट्टीत पोहायला नाहीतर मामाकडे धाडायचे. मग व्यक्तिमत्त्व विकास आला, वैदिक गणित आलं, घोडेस्वारी आली. आता 'भावी डॉक्टर' आले आहेत. नववी ते अकरावीच्या मुलामुलींसाठी मेडिकल समर कॅम्प. स्थळ एक चकचकीत खासगी हॉस्पिटल, फी पाच आकडी, नाश्ता-जेवणासह. माझी भाची दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती आणि दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घालून बसायची. तिच्या आईने आजार ओळखला आणि तिला थेट हॉस्पिटलात भरती केलं.

पहिल्या दिवशी किट मिळालं. एप्रन, स्टेथो, पाण्याची बाटली आणि गळ्यात अडकवायचं ओळखपत्र, त्यावर नावाआधी 'डॉ.' छापलेलं. एमबीबीएसची साडेचार वर्षं आणि वर एका वर्षाची इंटर्नशिप रगडल्यावर जे नावाआधी लागतं, ते इथे नोंदणीच्या टेबलावर हातात पडतं. सकाळी एप्रन चढला, लगेच फोटो निघाले आणि नाश्त्याचे पोहे संपायच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर 'अवर लिटिल डॉक्टर' झळकली. खाली अभिनंदनांची रांग. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तर लगे हाथ गुडघ्याचंही विचारून घेतलं.

स्टेथो ज्यांनी शोधला त्या रेने लेनेक यांच्याकडे 1816 साली पॅरिसमध्ये किट नव्हतं. तरुण बाईच्या छातीला कान लावायचा संकोच वाटला म्हणून त्यांनी कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर टेकवलं, दुसरं आपल्या कानाशी धरलं आणि ठोके नुसत्या कानापेक्षा स्वच्छ ऐकू आले. शिबिरात स्टेथो प्रत्येकाच्या गळ्यात होता. कानात घालायची बोंडं पुढच्या बाजूला, नाकाच्या दिशेला वळलेली हवीत, हे मात्र भाचीला शिबिर अर्धं झाल्यावर एका सिस्टरने सांगितलं. तोवर फोटो काढून झाले होते.

मग टाके. शिबिराचं खास आकर्षण. प्रत्येकापुढे एक ट्रे, त्यात वाकडी सुई, ती धरायचा नीडल होल्डर, एक चिमटा आणि एक केळं. केळ्याला आधी चीर द्यायची, मग शिवायचं. सुई सालीत सरळ उभी घुसवायची आणि मनगट फिरवून बाहेर काढायची. पहिल्या गाठीला दोन वेढे, त्यावर उलट दिशेने एक. भाचीचं केळं जरा जास्त पिकलेलं निघालं. गाठ आवळली की साल फाटायची आणि आतला गर बाहेर यायचा. शेजारच्या मुलाने आपलं केळं सफाईने शिवलं, त्याचा फोटो काढला आणि मग खाल्लं. पेशंट बरा होऊन घरी गेला म्हणायचा.

हात वळायला हे चांगलं आहे, नाही म्हणत नाही. खरे मेडिकलचे विद्यार्थीही फळांवर आणि रबरी पॅडवर सराव करतात. फक्त केळं बिचारं फार समजूतदार असतं. ते ओरडत नाही, दारू पिऊन आलेलं नसतं, भूल चढायच्या आत हात मागे ओढत नाही आणि त्याचे वीस नातेवाईक बाहेर उभे राहून काचा फोडत नाहीत. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांसाठी महाराष्ट्राला 2010 साली स्वतंत्र कायदा करावा लागला, हे पोरांना कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढच्या बॅचला केळी कमी लागली असती.

नंतर हॉस्पिटल दर्शन. एप्रनवाली वरात लिफ्टने वर गेली. आयसीयूच्या काचेला नाकं लावून झाली, डायलिसिसच्या खोलीतून एक फेरी झाली. तिथे खुर्चीत सुया टोचून चार-चार तास बसलेल्या माणसांना, या पोरापोरींनी तुम्हाला बघितलं तर चालेल का, असं कुणी विचारल्याचं भाचीच्या ऐकिवात नाही. एक आजोबा तोंडावर चादर ओढून घेत होते, एवढं तिने पाहिलं. एमबीबीएसला आल्यावर पहिल्याच महिन्यात देहदान केलेल्या मृतदेहापुढे आदराची शपथ घ्यायला लावतात. जिवंत माणसाच्या वाट्याला शिबिरात तेवढंही आलं नाही.

रोबोटला मात्र मान भरपूर. ऑपरेशन करणाऱ्या त्या यंत्रापाशी पाऊण तास गेला. माहिती द्यायला सर्जन नव्हते, मार्केटिंगचे साहेब होते, आणि त्यांना त्याचे सगळे हात पाठ होते. दर्शन संपल्यावर प्रत्येक मुलाच्या हातात पाकीट. आत आईबाबांसाठी फुल बॉडी चेकअपचं कूपन, आजी-आजोबांसाठी आणखी एक. पोर एक भरती केलं, घरदार ओपीडीत आलं. हॉस्पिटलच्या हिशेबाने शिबिर उत्तम झालं असणार.

आता एक गोष्ट मनापासून चांगली सांगतो, नाहीतर म्हणाल याला सगळंच कडू लागतं. एका दुपारी कॅज्युअल्टीतल्या सिस्टर आल्या. त्यांनी स्लाईड लावली नाही की स्वतःची ओळख करून दिली नाही. जमिनीवर एक धड-डोक्याचा पुतळा टाकला आणि म्हणाल्या, "हा माणूस आत्ता पडलाय. श्वास घेत नाहीये. काय कराल?" पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एक म्हणाला, "डॉक्टरांना बोलावू." सिस्टर म्हणाल्या, "बघ तुझ्या गळ्यातलं कार्ड. तूच डॉक्टर लिहिलंय."

मग त्यांनी एकेकाला गुडघ्यावर बसवलं. आधी कुणाला तरी 108 लावायला सांगायचं, 'कुणीतरी फोन करा' म्हणायचं नाही, बोट दाखवून सांगायचं. मग तळहाताची टाच छातीच्या मधोमध, दुसरा हात त्यावर, कोपरं ताठ. मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबायचं. मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर आत गेली पाहिजे आणि दरवेळी पुरती वर येऊ द्यायची. भाचीला वाटलं होतं सिनेमातल्यासारखं दोनदा थोपटलं की माणूस खोकत उठतो. तिचे दंड एका मिनिटातच भरून आले, घाम नाकावरून पुतळ्यावर टपकला. दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो तो याच कारणाने. सिस्टर सहज म्हणाल्या, "खऱ्या माणसाची बरगडी मोडल्याचा आवाज येईल कदाचित. थांबायचं नाही." खोलीत एकदम शांतता. पूर्ण शिबिरात पोरांनी मोबाईल खाली ठेवला तो बहुधा तेवढ्या वेळापुरता.

हे शिक्षण पाच आकडी फी भरणाऱ्यांच्याच पोरांना का? त्याला ना रोबोट लागतो, ना एसी. एक पुतळा, एक सिस्टर आणि शाळेचे दोन तास. 108 ची रुग्णवाहिका राज्यात 2014 पासून धावते आहे आणि फुकट आहे. पण ती येईपर्यंत छाती दाबायची कुणी, याचं उत्तर बहुतेक घरांत नाही. गणेश मंडळाच्या मांडवात डीजेऐवजी हा पुतळा एक संध्याकाळ ठेवला तरी बाप्पा रागावणार नाही.

भाचीचा खरा धडा तर वेळापत्रकात नव्हताच. जेवणाच्या सुट्टीत ती वाट चुकली आणि खालच्या औषधाच्या दुकानासमोर निघाली. अंगात एप्रन. बाकड्यावरच्या एका आजींनी तिला हाक मारली, "डाक्टरीणबाई, ही गोळी जेवणाआधी का जेवणानंतर?" भोरकडच्या असाव्यात, सोबत मुलगा होता, तो बिल भरायच्या रांगेत. भाचीने चिठ्ठी हातात घेतली आणि तिला अक्षर लागेना. 'मी डॉक्टर नाही' म्हणायला हवं होतं. तोंडातून निघालं, "थांबा हं, विचारून येते." काउंटरवरच्या माणसाने चिठ्ठी बघून सांगितलं, थायरॉइडची गोळी आहे, सकाळी रिकाम्या पोटी. तिने परत येऊन आजींना सांगितलं. आजींनी मान डोलावली आणि विचारलं, "रिकाम्या पोटी म्हंजे च्या चालंल ना?"

भाची पुन्हा काउंटरवर. चहासुद्धा नाही, गोळीनंतर निदान अर्धा तास तरी फक्त पाणी. आजींचा चेहरा उतरला. पहाटे चारला उठून चुलीपाशी पहिला चहा घेतल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही, सून म्हशींचं बघते, तिलाही तोच चहा लागतो, वगैरे सगळं घर त्यांनी भाचीपुढे मांडलं. दोघींनी मिळून तोडगा काढला. गोळी उशाशी ठेवायची, उठल्या उठल्या घ्यायची, मग चूल पेटवायची, पाणी तापेपर्यंत वेळ निघून जातो. भाचीने हे काउंटरवर जाऊन तिसऱ्यांदा विचारून घेतलं. माणूस वैतागला, पण 'बरोबर आहे' म्हणाला.

गोळी लिहून देणाऱ्याने 'रिकाम्या पोटी' लिहिलं होतं. ते चूकही नव्हतं. पण आमच्याकडे चहा पोटात गेला म्हणजे काही खाल्लं, असं कुणीच धरत नाही. ही माहिती रोबोटच्या एकाही हातात नव्हती. इतक्यात शिबिराच्या समन्वयक बाई धावत आल्या आणि भाचीला रागावल्या. पेशंटशी बोलायची परवानगी नाही, जबाबदारीचा प्रश्न येतो. रागावल्या ते योग्यच. पण मग शेंबड्या पोरांना 'डॉ.' छापलेलं कार्ड घालून पेशंटमध्ये सोडलं कुणी? आजींची काय चूक? त्यांनी एप्रन पाहिला आणि विश्वास टाकला.

प्रश्नमंजुषेत 'प्रेरणादायी डॉक्टर' असा एक गट होता. हृदय बदलणारे, मेंदू उघडणारे, सगळे परदेशी. महाडचे हिंमतराव बावसकर त्यात नव्हते. उन्हाळी शिबिर म्हणावं तर ते त्यांचं. कोकणात उन्हाळ्यात लाल विंचू घराघरांतून निघायचा आणि धडधाकट पोरं रातोरात दगावायची. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हा माणूस विंचू चावलेल्यांच्या खाटेशी रात्र रात्र बसून नाडी, रक्तदाब, घाम लिहून घ्यायचा. 1982 साली 'लॅन्सेट'ने ते छापलं. पुढे रक्तदाबाची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी विंचवावर उतारा ठरली आणि कित्येक पोरं वाचली. पद्मश्री मिळाली 2022 साली. या सगळ्यात यंत्र म्हणाल तर रक्तदाबाचं. बाकी एक माणूस, एक वही आणि जागरण. शिबिरात जागरणाचं सत्र ठेवलं तर पालक फी परत मागतील.

शेवटचा दिवस प्रमाणपत्रांचा. ते वाटण्याआधी दारं लोटून घेतली आणि एका कोचिंग क्लासचे सर माईकवर आले. तेव्हा कळलं, आठवडाभर चाललं होतं ती नांदी होती, नाटक आता. 2024 च्या नीटला 24 लाखांवर अर्ज होते आणि देशात एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर, त्यातल्या सरकारी जेमतेम निम्म्या. त्याच वर्षी 720 पैकी 720 गुण आधी 67 जणांना मिळाले, वाद झाला, कोर्ट झालं, मग सुधारित यादीत 17 उरले. सरांनी वाद आणि कोर्ट गाळलं, आकडे ठेवले. लातूर पॅटर्न, इंटिग्रेटेड बॅच, आजच नाव नोंदवलं तर सवलत. मागे बसलेल्या बापांनी मोबाईलचे कॅल्क्युलेटर काढले. ज्या पोरांना सकाळी 'भावी डॉक्टर' म्हटलं होतं, त्यांना दुपारी सांगितलं की विसातले एकोणीस होणार नाहीत. एप्रन धुवायला टाकायच्या आधीच.

भाची म्हणते, तिचं अजून ठरलेलं नाही. निकाल लागू दे, मग बघू. सोळाव्या वर्षी याहून शहाणं उत्तर असूच शकत नाही, आणि तिची आई सोडून सगळ्यांना ते पटलेलं आहे.

तेव्हा पालकहो, पुढच्या मे महिन्यात असं पत्रक हातात पडलं तर पैसे भरण्याआधी आयोजकांना दोन गोष्टी विचारा. सीपीआर, म्हणजे ते छाती दाबणं, शिकवणार का, आणि पेशंटशी बोलायचं कसं ते कोण शिकवणार. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात रोबोटचं नाव निघालं, तर पोरीला सरळ पोहायच्या क्लासला घाला. पोहणं डॉक्टरला लागतं, अकाउंटंटलाही लागतं, आणि त्या क्लासच्या कार्डावर कुणी नावाआधी काही छापत नाही.