आमचे जोशी, वेगळे जोशी

दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकांना ‘कसं काय?’ असं सहज विचारू नये. स्वतःची खुशाली सांगायच्या आत ते भीमसेनांवर येतात. जगातल्या यच्चयावत नामांकित जोशींचं पालकत्व त्यांनी परस्पर घेतलेलं आहे. त्या जोशींना हे ठाऊक नाही, एवढंच.

डिसेंबरात काका पुण्याला निघाले की ‘सवाई’ला जातो म्हणत नाहीत, ‘घरचं कार्य आहे’ म्हणतात. महोत्सव 1953 साली भीमसेनांनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला, म्हणजे कार्य घरचंच. फक्त घरच्या कार्याला तिकीट काढावं लागतं, हे शल्य आहे. स्वतः काकांचा टाळ आरतीतसुद्धा मागे पडतो, पण ‘गळा आमच्यात आहेच’ हे वर.

लोअर परळला जाताना टॅक्सीवाल्याने ‘डिलाईल रोड ना?’ म्हटलं की काका ताठ होतात. ‘ना. म. जोशी मार्ग!’ मग 1920 साली आयटक उभी करणाऱ्यांत नारायण मल्हार कसे होते, हे सिग्नल सुटेपर्यंत चालतं. खुद्द काकांना बँकेत संपाची नोटीस लागली की नेमका ताप भरायचा, हे मी त्यांच्या सहकाऱ्यांकडून ऐकलं आहे.

राजकारणात त्यांची सोय पक्की. कम्युनिस्टांत पी. सी. जोशी, समाजवाद्यांत एस. एम., भाजपमध्ये मुरली मनोहर, शेतकऱ्यांत शरद जोशी. वारा कुठूनही आला तरी खिडकी आपली! अलमोड्याकडे इतके जोशी कसे, असं विचारलं तर काका खुलासा करतात, ‘अटकेपार गेले होते ना? येताना दमले, तिथेच राहिले.’ 1995 साली मनोहरपंत मुख्यमंत्री झाले, तेव्हा काकांनी इमारतभर पेढे वाटले. 1999 मध्ये त्यांचं पद गेलं, तर म्हणाले, ‘ते नांदवीचे. आमचं मूळ गुहागर.’

हाच त्यांचा नियम. जोशी मोठा झाला की ‘आमचा’, पडला किंवा पकडला गेला की ‘वेगळा’. पेपरात एखादा जोशी लाच घेताना सापडला की काका दिवसभर खाली उतरत नाहीत. संध्याकाळी गोत्र शोधून येतात.

राग म्हणाल तर एकट्या चिं. वि. जोशींवर. ‘घरात एवढं सोन्यासारखं आडनाव असताना चिमणराव जोगांच्यात कशाला घातला?’ काकांकडे बघून मला चिमणरावच आठवतो, पण शेजारधर्म म्हणून मी गप्प बसतो.

काकू माहेरच्या गोखले. त्या सहसा बोलत नाहीत. पण एकदा रस्त्यांचा विषय निघाला तेव्हा त्यांनी अंधेरीचा गोखले पूल काढला. काका टपलेलेच होते. 2024 साली तो पुन्हा उघडला, तेव्हा शेजारच्या बर्फीवाला पुलापेक्षा माणूसभर उंच निघाला आणि दोघांची गाठच पडेना. ‘तुमच्याकडचे पहिल्यापासूनच वरून बघणारे,’ काका म्हणाले. मग हुकमाचं पान टाकलं: आनंदीबाई! 1886 साली अमेरिकेत डॉक्टर झालेल्या, सासरच्या जोशी आणि माहेरच्याही जोशी. त्यांच्या नावाचं विवर शुक्रावर आहे. ‘शुक्रावर आमची जागा आहे,’ काका म्हणाले. ‘मग इथला मेंटेनन्स तरी वेळेवर भरा,’ असं म्हणून काकू आत गेल्या.

आणि गेल्या वर्षी चौथ्या मजल्यावर खरेखुरे जोशी राहायला आले. मला वाटलं, काका आता त्यांना ओवाळतील. छे! कुरिअरची अदलाबदल होऊ लागली, कुणाची तरी पिझ्झाची पेटी काकूंच्या एकादशीला दारात आली. काकांनी पाटी बदलली: ‘जोशी (जुने)’. थकबाकीदारांच्या यादीत नुसतं ‘जोशी’ लागलं, तर घरोघर जाऊन सांगून आले, ‘ते वरचे, वेगळे.’ ते वरचे नव्हते.

परवा वरच्यांची मुलगी सीए झाली. पेढ्यांचा पुडा घेऊन बेल वाजवणारे दुसऱ्या मजल्यावरचे काका होते. ‘आमच्यातली आहे,’ म्हणाले, ‘आकडे आमच्या रक्तातच.’ वरच्यांचे पेढे संध्याकाळी आले. काकांच्यापेक्षा बरे होते.