घर पाहावं चांद्यात

महाराष्ट्रात सरकारी नोकराला घाबरवायचं तर साहेबाला आवाज चढवावा लागत नाही. ‘गडचिरोली बघायचीय का?’ एवढं नुसतं विचारलं, की महिनाभर अडकलेली फाईल संध्याकाळच्या आत टेबलावरून हलते. आमच्याकडे मात्र कुणीही न धमकावता गडचिरोली चालत आली. बँकेनं मला बढती देऊन कोल्हापूरहून चंद्रपूरला, म्हणजे जुन्या चांद्याला पाठवलं. मग नवऱ्यानं पती-पत्नी एकत्रीकरणाचा अर्ज केला आणि त्याच्या खात्यानं त्यावर सहानुभूतीपूर्वक विचार करून त्याला गडचिरोली दिली. दोन गावांमध्ये ऐंशी किलोमीटर. वाटेत मूल, सावली आणि वैनगंगा. एकत्रीकरण झालं असं खात्याचं म्हणणं. कोल्हापूर आणि चंद्रपूर ही महाराष्ट्राची दोन टोकं बघितली तर ते अगदीच खोटं नाही म्हणा.

सासूबाई भिंतीवरच्या नकाशापुढं उभ्या राहिल्या. चंद्रपूर सापडेपर्यंत त्यांचं बोट दोनदा तेलंगणात जाऊन आलं. ‘अगं, हे तर हैदराबादला जवळ!’ आहेच. मुंबईच्या निम्म्याहून कमी अंतरावर हैदराबाद. ‘आणि वाघ?’ वाघांचं अंतर नकाशात नव्हतं. ते पुढं दलालानं सांगितलं.

घर शोधायला निघण्यापूर्वी मी रीतसर यादी केली होती. दार पूर्वेला, नळाला रोज पाणी, शाळा जवळ, मंडई चालत जाण्यासारखी, शेजारी बार नको. बँकेतल्या शिपाईभाऊंना ती वाचायला दिली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली, उलटवून मागची कोरी बाजूही बघितली आणि म्हणाले, ‘हे सारं ठीक आहे जी मॅडम, पण तुमाले तरास कोणता चालते, ते तं लिहिलंच नाही!’

मला वाटलं, भाऊ गंमत करताहेत. नव्हते. या शहरात प्रत्येक वस्तीला तिचा तिचा तरास नेमून दिलेला आहे. पाण्याचा वेगळा, राखेचा वेगळा, सुरुंगाचा वेगळा, वाघाचा वेगळा. आणि माणसाला सवय फक्त आपल्या तरासाची असते. इरई नदीकाठच्या माणसाला पुराचं काही वाटत नाही, पण दुर्गापूरला मुलगी द्यायची म्हटलं की तो वाघाच्या नावानं कानाला हात लावतो. दुर्गापूरवाला वाघाच्या गोष्टी चहाबरोबर सांगतो आणि इरईकाठी राहणाऱ्यांची त्याला मनापासून कीव येते. तेव्हा चंद्रपुरात घर शोधायचं म्हणजे सोयी बघायच्या नाहीत. आपल्या प्रकृतीला कोणता तरास मानवेल, ते आधी ठरवायचं.

पहिलं घर सिस्टर कॉलनीकडचं. तळमजला, मोठी ओसरी, अंगणात पेरू. घरमालक काकाजी इतके गोड की भाडं त्यांनी स्वतःहूनच पाचशेनं कमी केलं. तिथंच शंका यायला हवी होती, पण माझं लक्ष कालनिर्णयकडं होतं. दिवाणखान्यातलं कालनिर्णय माझ्या कमरेच्या उंचीवर लावलेलं होतं.

‘काकाजी, एवढं खाली?’

‘नातवाले तिथी पाहता याव्या म्हणून.’

तिथी बघणारा नातू ही कल्पना मला आवडली. नवरा विज्ञानाचा शिक्षक. त्यानं सरळ जाऊन कालनिर्णय उचललं. मागं एक तपकिरी रेघ होती, पातळी लावून मारल्यासारखी सरळ. डिस्टेंपरचे दोन हात दिले होते तरी ती खालून डोकावत होती, आणि एकदा दिसल्यावर मग खोलीभर दिसायला लागली. कोपऱ्यातल्या फ्रिजमागून, दाराच्या चौकटीवरून, देवघराच्या फळीखालून. देव तेवढे रेघेच्या वर होते.

‘ओल आहे जी. सिमेंट जुनं.’

‘ही पुराची खूण आहे,’ नवरा म्हणाला.

‘एका वर्साची आहे.’

‘कुठल्या?’

‘तेराच्या,’ काकाजी म्हणाले आणि जरा थांबून प्रामाणिकपणे पुढं म्हणाले, ‘आन थोडी बावीसची.’

जुलै 2022 मध्ये इरईचं पाणी रहमतनगर, सिस्टर कॉलनीत शिरलं होतं. इरईचा दोष निम्माच. पुढं ती वर्धेला मिळते, आणि वर्धा फुगली की इरईचं पाणी पुढं सरकायचं सोडून मागं फिरतं. मग ते विचारपूस करायला घरात येतं. नगररचनेच्या नकाशावर निळी रेषा असते, तिच्या आत बांधू नये असा नियम आहे. घरं मात्र आत आहेत. ती रेषा नकाशावर कागदी आणि भिंतीवर तपकिरी.

पुराचं भय तर वरचा माळा घ्या, असं दलालानं सुचवलं. वरच्या माळ्यावर पाणी येत नाही हे खरं, पण स्लॅब असते. मे महिन्यात इथं पारा 47-48 पर्यंत जातो, आणि स्लॅब दिवसभर प्यालेलं ऊन रात्री सावकाश परत करते. कोल्हापुरात आम्ही कूलर ही लग्नाच्या हॉलमधली वस्तू समजायचो. इथं घरात शिरल्यावर लोक आधी कूलरची खिडकी कुठं काढलीय ते बघतात, देवघर नंतर. होळी झाली की ताट्या बदलायच्या, टाकी घासायची, मोटरला तेल द्यायचं. एका घरमालकानं तर करारातच लिहून आणलं होतं, की कूलरचं पाणी भाडेकरूनं आपल्या वाट्याच्या पाण्यातून भरावं. नळ एक दिवसाआड. म्हणजे आंघोळ की गारवा, हा निर्णय दर दोन दिवसांनी नव्यानं घ्यायचा. वास्तुशास्त्राचं म्हणाल तर ते इथल्या उन्हानं केव्हाच सोपं करून टाकलंय. पश्चिमेला खिडकी असेल तर घर वाईट, बाकी सगळं चालतं.

लालपेठच्या बाजूला एक फार सुरेख घर होतं, कोळसा खाणीपासून जरा अंतरावर. चहा चालू असताना फडताळातली स्टीलची ताटं आपापली वाजायला लागली आणि कपातल्या चहावर गोल गोल वलयं उठली. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. घरमालकीणबाई शांतपणे घड्याळाकडं बघून म्हणाल्या, ‘आज पाच मिनटं उशीर केला.’ खाणीतलं ब्लास्टिंग. बाई त्याच्यावर भाताचा कुकर लावतात.

घुग्घुसला भाडी फार कमी, असं एका सहकाऱ्यानं सुचवलं. घुग्घुस म्हटलं की मला ऑगस्ट 2022 ची बातमी आठवते. आमराई वॉर्डातलं एक अख्खं घर जमिनीत गेलं. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. घरातली माणसं वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. ‘ते आमराई वॉर्डात जी,’ सहकारी म्हणाला, ‘आपलं घर रस्त्याच्या या बाजूले आहे.’ खाणीला रस्ता दिसत असेल का, हे विचारायचं मी टाळलं.

मग ऊर्जानगर-दुर्गापूर. झाडी भरपूर, रस्ते रुंद, हवा गार. दलाल म्हणाला, ‘वाघ येते, पण कोणाले काई करत नाही. सरळ जाते.’ कुठं जातो? ‘ताडोब्यात.’ म्हणजे संध्याकाळी आमच्या दारावरून तो घरी परत जाणार, आणि आम्ही ‘बसा’ म्हणायचं नाही एवढंच पथ्य. मी हसले खरी, पण नंतर लोकांशी बोलताना हसू गेलं. फेब्रुवारी 2022 मध्ये याच भागात वीज केंद्रातला एक कामगार वाघानं मारला आणि लगेच दुर्गापुरात सोळा वर्षांचा एक मुलगा बिबट्यानं नेला. तेव्हापासून तिथल्या आया अंधार पडला की मुलांना अंगणातसुद्धा एकटं सोडत नाहीत, आणि पाहुण्यांनी वाघाची चेष्टा केली तर त्या गप्प बसतात. तिथं घर न घेण्याचं कारण आम्ही दलालाला भाडं जास्त आहे असं सांगितलं.

परकोटाच्या आतही बघून झालं. जटपुरा गेटच्या कमानीतून ऑटो, हातगाडी, शाळेची व्हॅन आणि एक वरात एकाच वेळी निघू बघतात, तेव्हा गोंड राजांना आपण काय करून ठेवलं याची कल्पना नसणार. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर अशी चार दारं, शिवाय पाच खिडक्या. त्यातल्या एकीचं नाव चोर खिडकी आणि एकीचं मसाण खिडकी. या नावांच्या शेजारी राहायला सासूबाईंनी फोनवरूनच नकार दिला.

पण हा परकोट कुणी आखला ते मला तिथंच कळलं, आणि घर शोधण्याचा सगळा शीण गेला. दंतकथा अशी. पंधराव्या शतकात खांडक्या बल्लाळशहाची राजधानी वर्धेकाठी बल्लारपूरला. अंगावर गाठी उठल्यानं राजा बेजार. शिकारीला आला, झरपटीच्या पाण्यानं त्याला गुण आला. पुढं एके दिवशी त्यानं बघितलं, तर ससा कुत्र्याच्या मागं लागलाय. कुत्रा जीव घेऊन गोल गोल पळतोय आणि ससा पाठीवर. राजानं घरी येऊन ही हकीकत राणीला सांगितली. राणी म्हणाली, जिथं ससा कुत्र्याला पळवतो ती माती सोडू नका. ससा धावला त्याच रेषेवर कोट बांधा. अकरा-एक किलोमीटरचा तो कोट अजून उभा आहे. घर बघायला नवऱ्यानं जायचं आणि ठरवायचं बायकोनं, ही चाल चांद्यात इतकी जुनी आहे. शिवाय राणीनं नळ रोज येतो का, एवढंसुद्धा विचारलं नाही. सशाच्या मागून दगड रचायला सांगितले.

आता गडचिरोलीची बाजूही मांडायला हवी, नाहीतर नवरा म्हणेल लेख एकतर्फी झाला. 26 ऑगस्ट 1982 ला चांद्यातून वेगळा झालेला जिल्हा, तीन चतुर्थांशाच्या आसपास जंगल, आणि अख्ख्या जिल्ह्यात रेल्वेचं स्टेशन काय ते वडसा. तिथं काम करणाऱ्याला एकस्तर वरची वेतनश्रेणी मिळते. आमच्याकडे ती पेट्रोल पंपावर जमा होते. कॉम्प्लेक्स भागात आम्ही एक घर बघितलं, आणि खरं सांगायचं तर या सगळ्या शोधात तेच सर्वांत चांगलं होतं. स्वच्छ, शांत, राख नाही, सुरुंग नाहीत, पूररेषा नाही. घरमालक स्वतःच्या शेतातले तांदूळ भाड्याबरोबर देणार होते. तरास विचारला तर म्हणाले, ‘काईच नाही जी.’ मी हट्टानं पुन्हा विचारलं. तेव्हा संकोचून म्हणाले, ‘शेताकडं हत्ती येऊन राहिले.’ 2021 च्या शेवटी छत्तीसगडातून रानहत्तींचा कळप उतरला, आणि धान, मोहफुलं बघून त्यानं जिल्ह्यातच मुक्काम केला. बदलीचा हुकूम नसताना बाहेरून येऊन गडचिरोलीत स्वखुशीनं राहणारे बहुधा तेवढेच.

गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती एप्रिल 2015 ला आली आणि 2021 मध्ये उठली. माझ्या यादीतल्या शेवटच्या कलमाला त्यामुळं फार वजन आलं होतं. दलाल मला मोठ्यानं सांगायचा, ‘दुकान लई दूर आहे मॅडम.’ मग गाडी वळवताना नवऱ्याच्या कानाशी, ‘सर, तेवढं काई दूर नाही.’

शेवटी आम्ही तुकूमला राहिलो. तळमजला, पश्चिमेला भिंत, कूलरला वेगळी टाकी. आमच्या वाट्याचा तरास राखेचा. महाऔष्णिक वीज केंद्र 2,920 मेगावॅटचं. वीज पुण्या-मुंबईचे एसी चालवायला जाते, राख घरची म्हणून घरीच राहते. सकाळी तुळशीला पाणी घालण्याआधी पानं ओल्या फडक्यानं पुसावी लागतात. फडकं काळं होतं, पिळलं की बादली काळी होते आणि दुपारपर्यंत पानं पुन्हा होती तशी. वाळत घातलेले पांढरे शर्ट संध्याकाळी राखाडी होऊन येतात. सासूबाई दिवाळीला आल्या, दोन दिवस तोंडाला पदर लावून बसल्या. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मावशींनी त्यांना सिस्टर कॉलनीच्या पुराचं वर्णन ऐकवलं. तेव्हापासून त्या कोल्हापुरात सांगतात, ‘आमच्याकडं थोडी राख आहे, पण पाण्याचं भय नाही हो!’ कोल्हापुरात, पंचगंगेच्या काठावर बसून.

तर ज्यांच्या बदलीचा हुकूम निघालाय त्यांना एवढंच सांगते. डिसेंबरातल्या गुलाबी थंडीत इथं घर पक्कं करू नका, तेव्हा सगळीच घरं चांगली दिसतात. मे महिन्यात दुपारी दोनला या, जिना चढा, भिंतीला पाठ लावून बसा. भिंतीवर जे काही खाली टांगलेलं असेल ते उचलून बघा. आणि घरमालकाला नव्हे, त्याच्या शेजारणीला विचारा. आमच्या गल्लीत पुढच्या महिन्यात एक तळमजला रिकामा होतोय. तरास फक्त राखेचा. चालत असेल तर कळवा, घरमालकांशी बोलून ठेवते.